बरणीतलं औषध

कापणी ऐन भरात आली होती आणि धाकट्याच्या पायावर विळा बसला. दोष विळ्याचा नव्हता आणि पायाचाही नव्हता. थोरला भाऊ पुढं कापत चालला होता, धाकट्याला त्याच्या बरोबरीला यायचं होतं, आणि घाईला डोळे नसतात. अंगठ्याच्या मागं, पावलाच्या वरच्या बाजूला चांगली लांब चीर पडली. धाकटा मटकन खाली बसला, पायाकडं बघून हसला आणि म्हणाला, "पिकापेक्षा मीच लवकर कापला गेलो."

त्याची बायको पेंढ्या बांधत होती. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. तिनं डोक्याचं फडकं सोडून पाय आवळून बांधला. थोरल्यानं भावाला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत आणलं. तिथून मिळेल त्या गाडीनं दवाखाना.

दवाखान्यात पुढचं सगळं मोठीनं बघितलं. मोठी म्हणजे थोरल्याची बायको. ती तिथं मलमपट्टीच्या खोलीत कामाला होती, आणि तिथं तिला सगळे मावशी म्हणत. डॉक्टरांनी टाके घातले, हिनं दोरा कापला, पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, "एक दिवसाआड पट्टी बदलायला आणा."

"आणायचं कशाला? मी करते घरी," मोठी म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. कापणीच्या दिवसांत एका माणसाला घेऊन दुसऱ्यानं दिवस मोडायचा म्हणजे दोन विळे कमी. शिवाय मोठीचा हात चांगला, हे डॉक्टरांनाही माहीत होतं. त्या हातावर सासूचा तर इतका विश्वास, की कुणाचं पोट दुखलं तरी ती मोठी घरी यायची वाट बघत बसायची. शेजारणीला सांगायची, "आमच्या घरातच दवाखाना आहे." मोठी ते ऐकून कामाला लागल्यासारखं करायची, पण ऐकायची पूर्ण.

नोकरी असल्यामुळं घरातली काही कामं मोठीच्या वाट्याला येत नसत. गोठा धाकटीकडं होता, पाणीही धाकटीकडंच. त्या वर्षी पाणी फार लांब गेलं होतं. गावातल्या विहिरीला गाळ लागला, आणि बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे आणू लागल्या. धाकटी लग्न होऊन आली त्या वर्षापासून घरात प्यायलेल्या प्रत्येक घोटाला तिची मान दुखली होती, असं म्हणायला हरकत नाही. कुणी म्हणत मात्र नव्हतं.

दवाखान्यातही पाण्याची तीच रड. तिथली कूपनलिका आटली होती. टाकीत टँकरनं पाणी यायचं, तेही येईल तेव्हा. आधी बाळंतपणाची खोली, मग उरलं तर बाकीचे. मलमपट्टीच्या खोलीत एक मोठी काचेची बरणी होती. तपकिरी औषधात बुडवलेले कापसाचे बोळे तिच्यात ठेवलेले असत. जखम पुसायची ती त्याच बोळ्यांनी. पूर्वी मोठी रोज सकाळी बरणी रिकामी करायची, घासायची, उकळत्या पाण्यातून काढायची आणि मग नवे बोळे, नवं औषध घालायची. पाणी आटलं तसं एके दिवशी तिनं मोठ्या सिस्टरना विचारलं, "बरणी धुवायला पाणी नाही. काय करू?"

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "वरून भर घाल ना. औषधच आहे ते. औषधात काय कुजणार आहे?"

हे मोठीलाही पटलं. लोणी ठेवलं तर खवट होईल, औषध कसं होईल? त्या दिवसापासून ती रोज सकाळी बरणीत वरून बोळे टाकी, वरून औषध ओती आणि स्टीलचं झाकण कापडानं लख्ख पुसून ठेवी. आलेला माणूस झाकणात तोंड बघून घेई.

घरी धाकट्यासाठी ती त्याच बरणीतले बोळे एका लहान बाटलीत भरून नेऊ लागली. सिस्टरना विचारून नेत होती, चोरून नव्हे. संध्याकाळी अंगणात स्वच्छ फडकं पसरायची, धाकट्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि चिमट्यानं बोळा काढून हळूहळू जखम पुसायची. सासू कंदील धरायची. धाकटा म्हणायचा, "वहिनी, तुम्ही पुसता तेव्हा झोप येते."

पहिले दोन-तीन दिवस जखम शहाण्यासारखी वागली. मग टाक्यांच्या कडा लाल झाल्या. मोठीनं ती लाली बघितली आणि एक बोळा जास्त फिरवला.

दुसऱ्या दिवशी धाकटा खळ्यावर राखणीला म्हणून गेला आणि बसवेना म्हणून लंगडत पेंढ्या सरकवू लागला. पाण्याचं भांडं लवंडलं, पट्टी भिजली. धाकटीनं ओली पट्टी सोडली आणि उन्हात वाळलेलं जुन्या चादरीचं फडकं बांधलं. दुसरं काय करणार होती? ओली पट्टी तशीच ठेवली असती तर तेही बोलणं तिनंच खाल्लं असतं.

संध्याकाळी मोठीनं ते फडकं बघितलं. सोडलं. आत कापडावर हिरवट डाग होता, आणि पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास.

"पट्टी कुणी सोडली?"

"मी," धाकटी म्हणाली. "भिजली होती, ताई."

"हात धुतले होतेस?"

"धुतले होते."

"कशानं?"

धाकटीनं हात पदराआड घेतले. साबण संपला होता. तिनं पाण्यानं धुतले होते, आणि पाणीही बेतानंच वापरलं होतं, कारण ते तिलाच परत आणायचं होतं.

"गोठा काढलेले हात," मोठी म्हणाली. "मग चिघळेल नाहीतर काय होईल? मी जीव ओतून पट्टी करायची आणि तू एका दुपारीत सगळ्याची माती करायची."

अंगणात सगळेच होते. थोरला विळ्याला धार लावत होता. शेजारीण उसनं काहीतरी परत करायला आली होती, ती जायची थांबली. सासू कंदील खाली ठेवत म्हणाली, "हिला किती वेळा सांगितलं, शेणाचे हात इकडं तिकडं लावू नकोस. पण ऐकेल तर ना."

धाकट्यानं बायकोकडं बघितलं आणि पाय आखडून घेतला. "आता पट्टीला तू हात लावू नकोस," तो म्हणाला. "वहिनींना करू दे."

लाली आदल्या दिवशीच आली होती, हे मोठीला तेव्हाही आठवत होतं. पण रागानं बोलणाऱ्या माणसाला जे अडचणीचं असतं ते तो मागं ढकलतो. तिनंही ढकललं.

दोन दिवसांनी धाकटी तिच्याजवळ आली. "ताई, दवाखान्यात हात कसे धुतात? मला दाखवा."

मोठीनं मोठेपणानं दाखवलं. बोटांच्या फटी, नखं, अंगठा, मनगट. "साबण नसला तर राख घे. चांगले घास. कोपरापर्यंत."

धाकटी घासू लागली. गोठ्यातून आली की घासायची, चुलीपुढून उठली की घासायची, पाणी घेऊन आली की त्याच पाण्यानं घासायची. सासू ओरडायची, "पाणी काय आभाळातून पडतंय?" मग धाकटी आणखी एक खेप करायची. तिची मुलगी अजून बोबडं बोलत होती. ती पायाला येऊन चिकटली की धाकटी तिला कोपरांच्या बेचक्यात धरून उचलायची, पंजे लांब ठेवून. मोठीनं हे बघितलं होतं. तिला वाटलं, अक्कल आली.

जखमेची मात्र तऱ्हा उलटी. जितकी काळजी तितकी ती बिघडत चालली. पाऊल सुजलं, अंगठा काळसर दिसू लागला, टाके उसवले. मोठी आता एक दिवसाआडऐवजी रोज पट्टी करू लागली. सकाळी बोळे, संध्याकाळी बोळे. डॉक्टरांना विचारून गोळ्याही आणल्या, त्याही लागू पडेनात. धाकटा हसायचा बंद झाला होता. थोरला एकटाच कापत होता, आणि पीक उभ्याउभ्या झडत होतं. रात्री जेवताना तो कुणाशी बोलत नसे, आणि धाकटी त्याला वाढताना ताट जमिनीवर ठेवून सरकवायची.

दवाखान्यातही दिवस बरे चालले नव्हते. सुताराच्या तळहाताला छिन्नी लागली होती, साधी जखम, पण बरी व्हायचं नाव नाही. चुलीत पाय पडलेली एक म्हातारी होती, तिच्या पट्टीवर तोच हिरवट डाग. डॉक्टर रोज औषध बदलत होते आणि चिडत होते. शेवटी त्यांनी वर कळवलं, आणि वरून दवाखान्यातल्या सगळ्यांना प्रशिक्षण द्यायला एक बाई आल्या. संसर्ग एकाचा दुसऱ्याला कसा लागतो आणि तो आपल्या हातून कसा थांबवायचा, एवढाच विषय. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात थंड डबा. अंगानं लहानशा, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या पडवीत बसवलं. डॉक्टर, सिस्टर, झाडूवाला, मावशी, सगळे एकाच सतरंजीवर. डॉक्टरांना मांडी घालता येईना. बाईंनी विचारलं, "हात कोण कोण धुतं?" सगळे हसले, सगळ्यांनी हात वर केले.

"बरण्या, बाटल्या रोज रिकाम्या करून, धुऊन, उकळून मगच कोण भरतं?"

पुन्हा सगळे हात वर. मोठीचाही गेला. तिनं मुद्दाम खोटं सांगितलं असं नाही. पूर्वी ती धुतच होती, आणि वर गेलेला हात जुन्या सवयीचा होता. पण शेजारी बसलेल्या मोठ्या सिस्टरनी तिच्या हाताकडं बघितलं आणि मग आपलाही वर केला, तेव्हा मोठीनं आपला हात खाली घेतला.

बाईंनी डब्यातून झाकणाच्या लहान लहान बशा काढल्या. आत पारदर्शक थर होता. "ह्यात जंतूंचं जेवण आहे. आपण त्यांना जेवायला बोलवू आणि कोण येतं ते बघू. प्रत्येकानं एक जागा निवडायची. मोबाईल, दाराची कडी, स्वतःची बोटं, काही चालेल. आणि एकानं अशी वस्तू निवडा, जी तुमच्या मते इथली सगळ्यात स्वच्छ आहे."

"ते मी देते," मोठी म्हणाली.

ती बाईंना मलमपट्टीच्या खोलीत घेऊन गेली आणि बरणीपुढं उभी राहिली. झाकण चकाकत होतं. बाईंनी त्यातला एक बोळा चिमट्यानं उचलला आणि बशीवर टेकवला. "खात्री आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हे औषधच आहे, बाई."

बशा घेऊन त्या गेल्या, आणि मधले दिवस मोठीनं नेहमीसारखेच काढले. बरणीत भर घातली, घरी बोळे नेले. धाकट्याला ताप चढला होता. तिनं त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि पायावरून बोळा फिरवला. तो दात आवळून पडून होता. दारात धाकटी उभी होती, हात पदरात गुंडाळून. मोठी तिला म्हणाली, "बघत काय उभी राहतेस? बघून बरा होणार आहे का?"

बाई परत आल्या तेव्हा पडवीत सगळे हौसेनं जमले. जत्रेत खेळ बघावा तसं चाललं होतं. डॉक्टरांच्या मोबाईलच्या बशीत पिवळे, पांढरे ठिपके भरले होते. झाडूवाला म्हणाला, "साहेब, बायकोचे फोन जरा कमी घ्या." सगळे हसले, डॉक्टरही हसले. दाराच्या कडीची बशी मोबाईलपेक्षा बरी निघाली.

मग बाईंनी शेवटची बशी काढली. ती ठिपक्यांनी भरली नव्हती. ती कडेपासून कडेपर्यंत भरली होती, सलग, साय धरावी तशी. रंग हिरवा, जरा निळसर.

मोठीनं तो रंग ओळखला. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात, मांडीवर पाय घेऊन, तिनं तो रोज बघितला होता.

"घरी दूध विरजताना काय करता?" बाई सगळ्यांना विचारत होत्या. "कालचं चमचाभर ठेवता. इथंही तेच झालंय. रोज नवं औषध ओतलं, पण तळाला कालचं राहिलं, त्याच्याखाली परवाचं राहिलं. काही जंतू असे चिवट असतात, की औषधाची सवय लावून घेतात. मग ते औषधातच राहतात. आपण जखम पुसत नव्हतो, विरजण लावत होतो."

सुतार पलीकडं बाकावर नंबर लावून बसला होता, हात गळ्यात अडकवून.

"कुणी केलं हे विचारायला मी आलेली नाही," बाई म्हणाल्या. "पाणी नव्हतं, मला माहीत आहे. पुढं काय करायचं तेवढं बोलू."

त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मोठीला रडता आलं असतं, वाद घालता आला असता, सिस्टरांचं नाव घेता आलं असतं. मोठ्या सिस्टर खाली बघून सतरंजीचा धागा ओढत होत्या. ह्या बाईंनी सगळ्यांना माफ करून टाकलं आणि मोठीला जायला जागाच ठेवली नाही.

नंतर बरणी रिकामी केली ती मोठीनंच. वरचे बोळे पांढरे होते. तळाशी हात गेला तेव्हा जुने बोळे एकमेकांना चिकटून बुळबुळीत झालेले लागले, आणि तो गोडसर वास आला. हा वास तिला घरी आला तेव्हा तिनं धाकटीला विचारलं होतं, हात कशानं धुतलेस. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ती बांधावर उभी राहून शेजारच्या गरीब शेळीला दगड मारत होती.

तिनं बाईंना बाजूला घेऊन दिराचं सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. "आत्ता न्या त्याला. माझ्या गाडीतून न्या."

मोठ्या गावच्या इस्पितळात अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं. आणखी चार दिवस गेले असते तर तेही नसतं वाचलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मोठीनं त्यांना बरणीचं सगळं सांगितलं, कारण कोणता जंतू आहे ते त्यांना कळायला हवं होतं. तिथं सांगणं सोपं गेलं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं.

घरी मात्र तोंड उघडेना. सकाळी उठताना ठरवायची, आज सांगायचं. मग सासू चहा पुढं करायची आणि म्हणायची, "तू होतीस म्हणून पोरगा जिवंत आहे." थोरला, ज्यानं तिला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "वेळेवर गाडी आणलीस." आणि मोठी गप्प बसायची. कौतुक नको असतं तर माणूस ते परत करतो. तिनं केलं नाही. ठेवून घेतलं.

दवाखान्यात बरणी गेली. तिच्या जागी लहान डबा आला, रोज लागेल तेवढंच औषध, उरलं तर फेकायचं. धुवायला वेगळं पिंप राखलं. सुतार पट्टीला आला. त्याची दोन बोटं आता मिटत नव्हती. मोठीनं हात धुतले, बाईंनी शिकवलं तसे, आणि त्याचा तळहात पुसला.

"मावशी, तुमचा हात फार हलका," सुतार म्हणाला. "तुम्ही सुट्टीवर असता तेव्हा ती दुसरी बाई नुसती खसाखसा घासते."

मोठीनं चिमटा खाली ठेवला. "तिच्याकडंच करून घेत जा," ती म्हणाली. सुताराला वाटलं, मावशी गंमत करतायत.

धाकट्याला घरी आणलं त्या दिवशी दुपारी मोठी मागच्या अंगणात गेली. धाकटी दगडावर बसून राखेनं हात घासत होती. मोठी पहिल्यांदा त्या हातांकडं नीट बघायला म्हणून बसली. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. काही चिरांत लाल दिसत होतं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी कोरडी पडून पापुद्रे निघत होते. राख त्या चिरांत जात होती आणि धाकटी चेहरा न बदलता घासत होती.

"बस कर," मोठी म्हणाली. "तुझ्या हातानं काही झालं नव्हतं. माझ्या बोळ्यांनी झालं. बरणीतच घाण होती. मी रोज आणून लावत होते."

धाकटीचे हात थांबले नाहीत. "कधी कळलं तुम्हाला?"

"प्रशिक्षण होतं ना. त्या दिवशी."

"म्हणजे त्यांना गाडीतून नेलं त्याच दिवशी."

"हो."

"आणि आज ते परत आले." धाकटीनं हंड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, हातावरून सोडलं. मग म्हणाली, "मला बोललात तेव्हा अंगणात सगळे होते, ताई. आता इथं आपण दोघीच आहोत."

तिचा आवाज चढला नव्हता. मोठीला वाटलं, हिनं एक थोबाडीत दिली असती तर कमी लागलं असतं.

दोघी पुढच्या अंगणात आल्या. तिथं धाकट्याची खाट टाकली होती, जवळ थोरला बसला होता; मोठी खाटेच्या पायथ्याशी बसली. शेजारीण पाहायला आली होती, आणि सासू तिला सगळं पहिल्यापासून सांगत होती. "हिनं शेणाचे हात लावले बघा, तिथून बिघडलं. मोठी नसती तर काय झालं असतं, विचारूच नका."

"सासूबाई, थांबा," मोठी म्हणाली.

ती उभी राहिली, आणि उभं राहून काय करायचं ते न कळल्यामुळं पुन्हा खाली बसली. धाकटी भिंतीला टेकून होती. मोठीनं सांगितलं. बरणीचं सांगितलं, भर घालायचं सांगितलं, बशीतला हिरवा रंग सांगितला. "लाली धाकटीनं पट्टी सोडायच्या आधीच आली होती. मी बघितली होती. तरी तिच्यावर घातलं. बोटं माझ्यामुळं गेली."

शेजारीण उठली. "चूल पेटती ठेवून आले आहे," ती म्हणाली आणि इतक्या घाईनं गेली की चप्पल उलटी घातली.

सासूनं कपाळाला हात लावला. "आता गावभर होईल. हळू तरी बोलायचंस. नोकरीवर आलं म्हणजे?"

"झालं ते झालं," थोरला म्हणाला. "तुला काय स्वप्न पडलं होतं? औषध म्हणून लावलंस. आता विषय काढू नका कुणी." तो उठून विळे गोळा करू लागला. विळ्यांचं काम संपलं होतं, राहिलेलं पीक कधीच झडून गेलं होतं.

म्हणजे शिक्षा अशी कुणीच केली नाही. घराला बोलणी खायला एक माणूस लागत होतं, ते धाकटीच्या रूपानं मिळालं होतं. मोठीच्या रूपानं घराला ते नको होतं. तिचा पगार होता, तिचा मान होता, आणि सासूच्या तोंडी तिचं नाव होतं. चोर समोर बसून कबूल करत होता आणि घर त्याला म्हणत होतं, चहा घे.

धाकटा एवढा वेळ आपल्या पायाच्या गुंडाळीकडं बघत होता. त्याला राग आला होता की नाही, ते दिसत नव्हतं. मग तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "मी तिला हात लावू दिला नाही. ताप होता तेव्हा पाणी द्यायला आली, तर म्हणालो, भांडं तिथंच ठेव." त्यानं डोळे पुसले आणि बायकोकडं वळून म्हणाला, "आजची पट्टी तू कर."

धाकटी जागची हलली नाही. "मला नाही येत."

"वहिनी सांगतील."

"हात धुवावे लागतील," धाकटी म्हणाली.

"चल, मी पाणी घालते," मोठी म्हणाली.

मागच्या अंगणात तिनं हंडा उचलून दगडाजवळ आणला, तांब्या घेतला. धाकटी उकिडवी बसली आणि हात पुढं केले. इस्पितळातून आणलेला साबण मोठीनं तिच्या तळहातावर ठेवला. साबण चिरांना झोंबला तेव्हा धाकटीनं श्वास आत ओढला. मोठी पाणी घालत होती, बाईंनी पडवीत शिकवलं तसं, एका धारेनं, वरून खाली. बोटांच्या फटी झाल्या, नखं झाली, अंगठे झाले, मनगटं झाली. फेस गेला. हात स्वच्छ होते. पट्टी सोडली त्या दिवशीही असेच होते.

"झालं," मोठी म्हणाली. "एवढं पुरे."

"अजून घाला."

मोठीनं आणखी एक तांब्या घातला. धाकटी हात उलटेसुलटे करून बघत होती, कुठं काही राहिलंय का ते.

"झाले ग. खरंच झाले. मी सांगते ना."

धाकटीनं मान वर केली. "तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती नुसती विचारात पडली होती, ह्यातलं कोणतं खरं धरायचं. "अजून घाला."

मोठी घालत राहिली. मागच्या दारातून सासू काहीतरी म्हणायला आली आणि तशीच आत वळली. तांब्या हंड्याच्या तळाला खरवडू लागला, मग मोठीनं हंडाच तिरका केला. शेवटची धार पडली. धाकटीचे हात तसेच पुढं होते.

मोठीनं पदर खोचला. रिकामा हंडा काखेला लावला, दुसरा भिंतीजवळचा उचलला. धाकटी लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मोठीनं पाण्याची खेप केली नव्हती. ओढ्यापलीकडच्या विहिरीची वाट कुठून फुटते, तेही तिला नीट आठवेना. पण ते धाकटीला विचारायची तिची छाती झाली नाही, आणि ती तशीच निघाली.